गरगरल्यावरही धावत राहिलेली सायकल: रोम, २६ ऑगस्ट १९६०

रोमचं १९६० चं ऑलिम्पिक म्हटलं की आपल्याकडे मिल्खासिंग आठवतात. चारशे मीटरच्या शर्यतीत सेकंदाच्या दहाव्या भागानं हुकलेलं त्यांचं कांस्यपदक अजून हळहळत सांगितलं जातं. पळण्याचा नाद असलेल्याला अनवाणी मॅरेथॉन जिंकणारा अबेबे बिकिला आठवतो. याच ऑलिम्पिकमध्ये, उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी, डेन्मार्कचा क्नूड एनेमार्क येन्सन हा २३ वर्षांचा सायकलपटू भर शर्यतीत कोसळला आणि त्याच दुपारी गेला. त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर नाही.

जगात जिथे ते माहीत आहे, तिथे उत्तेजकांच्या इतिहासात. ‘ऑलिम्पिकमधला डोपिंगचा पहिला बळी’ अशी त्याची ओळख वर्षानुवर्षं छापली गेली. मी लांबपल्ल्याची सायकल चालवतो आणि उन्हाळ्यात नवख्या मंडळींना घेऊन पुण्याबाहेर पडतो. त्यामुळे मी हे प्रकरण वाचायला घेतलं ते औषधासाठी नव्हे, उन्हासाठी. वाचत गेलो तसं माझं एक मत पक्कं झालं. या घटनेतली औषधाची गोळी बाजूला काढली तरी मृत्यूपर्यंतची साखळी पुरी होते. ऊन बाजूला काढलं, तर ती पहिल्याच कडीला तुटते. आणि त्या साखळीत अशा तीन-चार जागा आहेत जिथे कुणीतरी ‘थांबा’ म्हणायला हवं होतं. त्या जागा आपल्या रस्त्यांवरही जशाच्या तशा येतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

शर्यत कशी होती

शर्यत होती १०० किलोमीटरची सांघिक टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाशी शर्यत. रोमच्या व्हियाले क्रिस्तोफोरो कोलंबो या रुंद, सरळसोट रस्त्यावर सुमारे ३३ किलोमीटरच्या तीन फेऱ्या. एका संघात चौघे. चौघं एकामागे एक चिकटून जातात, पुढचा वारा कापतो, दमला की बाजूला होऊन शेपटाला येतो आणि दुसरा पुढे होतो. संघाची वेळ धरतात ती तिसरा माणूस रेषा ओलांडेल तेव्हाची. म्हणजे चौघांतला एक गळला तरी चालतं. दुसरा गळला की संघ संपला.

हा नियम लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्याभोवती फिरतं.

सुवर्णपदक इटलीनं घेतलं, २ तास १४ मिनिटं ३३ सेकंदांत. म्हणजे सरासरी वेग ताशी साडेचव्वेचाळीस किलोमीटर, आणि तोही १९६० च्या लोखंडी सायकलवर. त्या दिवशी पारा चाळिशीच्या घरात होता असं बहुतेक वृत्तान्त सांगतात. ऑगस्टमधलं रोमचं ऊन, झाडाची सावली नसलेला रुंद डांबरी रस्ता. याच ऑलिम्पिकची मॅरेथॉन मात्र दुपार कलल्यावर सुरू झाली आणि बिकिला मशालींच्या उजेडात जिंकला. पळणाऱ्यांना संध्याकाळ मिळाली, सायकलवाल्यांच्या वाट्याला दिवस आला.

पळणाऱ्याला ऊन लागतं, सायकलवाल्याला वारा असतो, असा एक समज आपल्याकडेही आहे. तो अर्धाच खरा आहे.

अंगातली इस्त्री

पायडलवर ३०० वॅटची ताकद लावणाऱ्या सायकलपटूच्या स्नायूंमध्ये खर्च होणाऱ्या एकूण ऊर्जेतला जेमतेम पाव भाग चाकाला मिळतो. उरलेल्याची उष्णता होते. साधारण हजार वॅट. घरातली कपड्यांची इस्त्री हजार वॅटची असते. ती इस्त्री पोटात चालू ठेवून माणूस सव्वादोन तास रस्त्यावर आहे, असं समजा. ही उष्णता बाहेर पडली नाही, तर सत्तर किलोच्या माणसाचं तापमान चार-पाच मिनिटांत एक अंशानं चढेल.

बाहेर पडायच्या वाटा दोन. एक म्हणजे अंगावरून जाणारी हवा. कातडीचं तापमान पस्तीस अंशांच्या आसपास असतं. हवा पंचवीस अंशांची असेल तर ती अंगातली उष्णता ओढून नेते. हवा चाळीस अंशांची असेल तर ती उलट अंगाला उष्णता देते. भट्टीसमोर पंखा लावल्यासारखं. सांघिक शर्यतीत तर दुसऱ्याच्या मागे दडून चालवायचं असतं, म्हणजे जो काही वारा मिळायचा तोही कमी.

मग उरतो घाम. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हजार वॅटच्या हिशेबानं तासाला दीड लिटर घाम पुरता वाळायला हवा. सव्वादोन तासांत तीन लिटरच्या वर. सत्तर किलोच्या माणसाच्या वजनाच्या चार टक्क्यांहून जास्त. दोन टक्के गेले की चालवण्याची ताकद उतरायला लागते, हे आज कुठलाही क्रीडावैद्यक सांगेल.

हे पाणी मुख्यतः रक्तातून जातं. रक्ताचं आकारमान घटलं की हृदयाच्या एकेका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं, म्हणून ठोके वाढतात. तेवढ्याच रक्तावर दोघांचा हक्क असतो. पायांच्या स्नायूंना ते हवं असतं दम टिकवायला, कातडीला हवं असतं उष्णता बाहेर टाकायला. रक्त कमी पडायला लागलं की आधी कातडी उपाशी राहते, घाम कमी होतो, आतला ताप चढतो. आणि मेंदूला पुरेसं रक्त पोचेनासं झालं की डोकं गरगरायला लागतं.

इथपर्यंत जे होतं त्याला उष्णतेचा थकवा म्हणतात. दरदरून घाम, फिकट पडलेला चेहरा, मळमळ, डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांपुढे अंधारी. माणूस गळून जातो, पण शुद्धीवर असतो, विचारलेल्याला नीट उत्तर देतो, आणि सावलीत आडवा करून गार केला, मीठ-साखर-पाणी दिलं तर सावरतो. यापुढची पायरी उष्माघाताची. आतलं तापमान चाळीस अंशांपलीकडे गेलेलं आणि मेंदू बिघडलेला. बोलणं असंबद्ध, वागणं विचित्र, तोल नाही, मग फिट किंवा बेशुद्धी. उष्माघातात अंग कोरडं पडतं, असं आपण लहानपणापासून ऐकलं आहे. उन्हात बसून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरं ठरतं. कष्ट करताना होणाऱ्या उष्माघातात मात्र माणूस घामानं निथळत असतानाही कोसळू शकतो. ‘घाम येतोय ना, मग काळजी नाही’ हे वाक्य मी गटात कुणाला बोलू देत नाही.

या दोन पायऱ्यांमधलं अंतर कधी तासाचं असतं, कधी दहा मिनिटांचं.

पहिला इशारा

डॅनिश संघात येन्सनबरोबर वान बांग्सबोर्ग, नील्स बाउन्सो आणि यॉर्गन यॉर्गन्सन होते. पहिल्या फेरीनंतर यॉर्गन्सन ऊन लागून बाहेर पडला.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी खूण हीच. चौघं एकाच थंड देशातून आलेले, एकाच वेगानं, एकाच रस्त्यावर, एकाच उन्हात. त्यातला एक ३३ किलोमीटरमध्ये गळतो, तेव्हा उरलेले तिघं ठणठणीत आहेत असं धरणं चूक आहे. ते त्याच वाटेवर दहा-वीस मिनिटं मागे आहेत, असं धरायला हवं. उष्णतेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्ताचं पाणी वाढतं. ही सवय पैशानं, ताकदीनं किंवा जिद्दीनं विकत मिळत नाही.

पण शर्यतीच्या हिशेबात यॉर्गन्सनच्या जाण्याचा अर्थ दुसराच झाला. आता तिघंच उरले. तिसऱ्याची वेळ मोजतात. म्हणजे यापुढे एकालाही थांबता येणार नाही. शरीरानं इशारा दिला त्याच क्षणी नियमानं दार बंद केलं.

ज्या घोळक्यात कुणी एक जण आजारी पडतो, त्या घोळक्यात बाकीच्यांवरचा दबाव कमी व्हायला हवा. इथे तो वाढला. आपल्याकडेही पाहा, एक जण टेम्पोत बसला की उरलेले दात-ओठ खाऊन चालवतात, कारण आता ‘निदान आपण तरी’ पुरं करायचं असतं.

शेवटची फेरी

शेवटच्या फेरीत येन्सननं सोबत्यांना सांगितलं की त्याला गरगरतंय.

त्यानं स्वतः सांगितलं. याचा अर्थ त्या क्षणापर्यंत त्याला आपल्या शरीराचं कळत होतं, ते शब्दांत मांडता येत होतं. ऊन लागलेला माणूस इतकं स्पष्ट सांगेलच असं नाही, बहुतेक वेळा तो काहीच सांगत नाही. इथे रोग्यानं स्वतःच्या तोंडानं लक्षण सांगितलं होतं. थांबायची एवढी सरळ संधी क्वचित मिळते.

दोघा सोबत्यांनी जे केलं ते प्रेमापोटीच केलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. बाउन्सोनं एका बाजूनं त्याची जर्सी धरली. बांग्सबोर्गनं दुसऱ्या बाजूनं आधार दिला आणि त्याच्यावर पाणी मारलं. तिघंही सायकलवरच. डोळ्यांपुढे आणून पाहा: तीन सायकली शेजारी-शेजारी, मधल्याचं डोकं खाली, डावा-उजवा एकेका हातानं हँडल सांभाळतो आहे आणि दुसरा हात मित्राच्या पाठीवर. गरम डांबर चाकाखालून सरकतंय.

शरीराच्या हिशेबानं या मिनिटांत काय घडत होतं? गरगरलेला माणूस आपोआप खाली पडतो, त्यामागे निसर्गाची सोय असते. आडवं झालं की डोकं आणि हृदय एका पातळीत येतात आणि मेंदूला पुन्हा रक्त पोचतं. उभा धरून ठेवलेल्या माणसाला ही सोय मिळत नाही. वर पाय फिरतच आहेत, म्हणजे पोटातली इस्त्री चालू, आणि रक्त पुन्हा पायांकडेच. अंगावर मारलेलं पाणी चांगलंच, पण एका बाटलीत अर्धा-पाऊण लिटर पाणी. हजार वॅटच्या भट्टीला ते किती पुरणार?

पाण्यानं त्याला किंचित बरं वाटल्यासारखं झालं. बाउन्सोनं हात सोडला. येन्सन कोसळला, डोकं रस्त्यावर आपटलं, कवटीला तडा गेला.

या प्रसंगातलं ‘बरं वाटल्यासारखं झालं’ मला सगळ्यात जास्त छळतं. गार पाण्याचा हबका बसला की कातडीला तरतरी येते, डोळे उघडतात, माणूस एखादा शब्द बोलतो. आतलं तापमान तेवढ्यात पाव अंशानंही उतरलेलं नसतं. कातडी फसवते, आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवायला उत्सुक असतो.

तंबू

येन्सनला रुग्णवाहिकेतून शर्यतीच्या शेवटच्या रेषेजवळच्या एका लष्करी तंबूत नेलं. त्या तंबूत हवा पन्नास अंशांपर्यंत तापली होती, असं नंतर लिहिलं गेलं. उन्हात उभारलेल्या कापडी तंबूत दुपारी जो शिरला आहे त्याला हा आकडा अविश्वसनीय वाटणार नाही. तो शुद्धीवर आलाच नाही.

डोक्याला मार होता, त्यामुळे त्याचा मृत्यू निव्वळ उन्हानं झाला असं सरळसोट म्हणायला मीही कचरलो असतो. पण शवविच्छेदनानंतर इटलीतल्या डॉक्टरांनी १९६१ मध्ये जो अधिकृत निष्कर्ष दिला, तो उष्माघाताचाच होता.

आज उपचाराचा क्रम अगदी ठरलेला आहे: आधी गार करा, मग हलवा. कष्टानं झालेल्या उष्माघातात पहिल्या अर्ध्या तासात तापमान एकोणचाळीसच्या खाली आणलं, तर माणूस वाचण्याची शक्यता फार मोठी. त्यासाठी सगळ्यात चांगला उपाय बर्फाच्या पाण्याचा टब, त्यात मानेपर्यंत बुडवणं. टब नसेल तर भरपूर पाणी ओतत राहणं आणि जोरात वारा घालणं. तापाची गोळी इथे उपयोगी पडत नाही, कारण हा ताप मेंदूनं ठरवून चढवलेला नसतो. काखेत लावलेला थर्मामीटरही फसवतो, आत एक्केचाळीस असताना तो अडतीस दाखवू शकतो. आणि ज्याला नीट शुद्ध नाही त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं.

रोममध्ये त्या दिवशी कुणी निष्काळजीपणा केला असं मी म्हणत नाही. त्या काळी शर्यतीत पाणी कमी पिणं कणखरपणाचं मानलं जाई. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पोर्तुगालचा मॅरेथॉनपटू फ्रान्सिस्को लाझारो असाच उन्हात कोसळून दुसऱ्या दिवशी गेला होता. ऊन लागू नये म्हणून त्यानं अंगाला मेण चोपडलं होतं असं सांगतात, म्हणजे घामाची वाटच बुजवली. ऑलिम्पिक स्पर्धेत प्राण गमावलेला तो पहिला खेळाडू, येन्सन दुसरा. दोघांच्या मध्ये अठ्ठेचाळीस वर्षं गेली आणि दोन्ही वेळा आरोपी एकच.

गोळीची गोष्ट

संघाच्या प्रशिक्षकानं नंतर डॅनिश अधिकाऱ्यांना सांगितलं की त्यानं खेळाडूंना रोनिकॉल नावाचं औषध दिलं होतं. रक्तवाहिन्या सैल करणारं औषध. बातमी जगभर गेली. इटालियन डॉक्टरांच्या अधिकृत निष्कर्षात औषधाचा हात नव्हता. बऱ्याच वर्षांनी त्यांच्यातल्या एकानं उत्तेजकाचे अंश सापडले होते असं म्हटलं. संशोधकांनी ती सगळी कागदपत्रं पुन्हा तपासली आणि उत्तेजकामुळे मृत्यू झाल्याचा पुरावा नाही, असंही लिहिलं. हा वाद मी इथे सोडवणार नाही.

मला एवढंच दिसतं की रोनिकॉलची कथा शंभर टक्के खरी धरली तरी ती पुन्हा उन्हापाशीच येऊन थांबते. उष्णतेनं कातडीतल्या रक्तवाहिन्या आधीच सताड उघडल्या आहेत, घामानं रक्त आटलं आहे, आणि त्यावर आणखी रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी. रक्तदाब घसरणार, माणूस गरगरणार. थंड दिवशी याच गोळीनं फार तर चेहरा लाल झाला असता. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, सर्दीची गोळी खाऊन पहाटे निघणारे, आदल्या रात्री दारू प्यालेले असे कितीतरी जण आपल्या सायकल-गटांत असतात. त्यांनी उन्हाळ्यातल्या राइडआधी डॉक्टरांना विचारावं, इतकी साधी गोष्ट या गोळीच्या प्रकरणातून घेण्यासारखी होती. जगानं घेतली ती दुसरीच. ऑलिम्पिक समितीचा वैद्यकीय आयोग १९६७ मध्ये उभा राहिला आणि १९६८ पासून ऑलिम्पिकमध्ये उत्तेजकांची तपासणी सुरू झाली.

ते चांगलंच झालं. पण उन्हाचा नियम यायला किती काळ लागला पाहा. १३ जुलै १९६७ ला टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या उघड्या बोडक्या चढावर ब्रिटनचा टॉम सिम्प्सन कोसळून गेला. त्याच्या शरीरात अँफेटामिन हे उत्तेजक आणि दारू सापडली. ऊन, आटलेलं पाणी आणि शर्यतीत पेयं घेण्यावर तेव्हा असलेली बंधनं मथळ्यांच्या खाली राहिली. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानं उष्णतेसाठी स्वतंत्र नियमावली आणली ती २०२४ मध्ये. त्यात नुसता पारा पाहत नाहीत, तर ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरणारा निर्देशांक पाहतात. तो २८ ला पोचला की लाल इशारा. मग शर्यतीची वेळ बदलणं, वाट बदलणं, ती रद्दच करणं, हे सगळं चर्चेला येतं. येन्सननंतर चौसष्ट वर्षांनी.

खंबाटकीच्या पलीकडे

हे सगळं मला इतकं जवळचं का वाटतं, ते सांगतो.

आपल्याकडे दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांबपल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात. पहाटे निघालं तरी परतीचा निम्मा रस्ता टळटळीत उन्हात येतो. पुण्याहून वाईला जाऊन परतायचं म्हटलं तर जाताना कात्रज आणि खंबाटकीचे चढ गारव्यात निभावतात. परतताना सुरूर फाट्यापासून महामार्ग नुसता तापत असतो. देशावरची हवा कोरडी. घाम सुटल्या-सुटल्या वाळतो, त्यामुळे तो गेला हेच कळत नाही. कोकणात उलट, घाम टपटप गळतो आणि वाळतच नाही. गळून पडलेल्या घामानं अंग निवत नाही, पाणी मात्र गेलेलं असतं.

एका एप्रिलमध्ये आम्ही सहा जण वाईहून परतत होतो. आमच्यातला सगळ्यात दमदार गडी, वयानं माझ्याहून बराच लहान, सकाळभर पुढे होता आणि अखंड बोलत होता. सुरूरनंतर तो मागे पडायला लागला. मी वळून पाहिलं तर पाण्याची दुसरी बाटली भरलेलीच. “अरे, पी की,” म्हटलं. “नको दादा, तहान नाही,” म्हणाला. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना त्याचा मागचा दिवा लागलेला नव्हता. मी ओरडून सांगितलं. त्यानं मान हलवली, हात मात्र दिव्याकडे गेला नाही. मी त्याच्या मागे राहून माझ्या दिव्यावर त्याला बाहेर काढलं.

बोगद्यानंतर रस्ता उतरता आहे. सगळे पाय सोडून देतात. तो जड गिअरवर तसाच दाबत होता, खांदे डावी-उजवीकडे हलत होते. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा रोम आलं. शिरवळच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका हॉटेलपाशी चिंच दिसली. मी पुढे होऊन त्याच्या हँडलला हात घातला आणि थांबवलं.

त्याच्या काळ्या जर्सीवर पाठभर मिठाच्या पांढऱ्या रेघा होत्या, नकाशातल्या किनाऱ्यासारख्या एकात एक. हेल्मेटची क्लिप त्याला सुटेना. दोन बोटांनी दाबायची साधी क्लिप, तो अंगठ्यानं नुसती चाचपत होता. ती मी काढली. चिंचेखाली आडवं केलं, पायांखाली दोन पिशव्या सरकवल्या, जर्सीची चेन उघडली. हॉटेलवाल्या काकांनी न विचारता पिंपातलं पाणी बादलीनं आणलं आणि मी थांब म्हणेपर्यंत ओतत राहिले. त्यांच्या मुलानं बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून वारा घातला. ओला पंचा मानेखाली, काखेत, जांघेत. पाणी ओतायला आणि वारा घालायला दोन माणसं सतत लागतात, हे त्या दिवशी कळलं.

तो बोलत होता, गिळत होता, म्हणून जलसंजीवनीचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून घोटघोट दिलं. पाकीट नसतं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नुसतं साधं पाणी घटाघटा पाजणं मी टाळतो. घामातून मीठही गेलेलं असतं, वरून साध्या पाण्याचा मारा झाला तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि त्याचीही लक्षणं मळमळ, डोकेदुखी, गोंधळ अशीच दिसतात. माझ्या गटात आता सगळे घरून निघताना आणि परतल्यावर वजन करतात. परतल्यावर वजन वाढलेलं असेल तर तो माणूस गरजेपेक्षा जास्त प्यालेला असतो. किलो-दीड किलो घटलं तर पुढच्या खेपेला जास्त प्यायचं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर बहुतेकांना पुरतं, त्यातली एक बाटली मिठाची.

वीस मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. उठून बसला, हसला, म्हणाला, “बरं वाटतंय, चला. पन्नासच राहिलेत.”

बाकीचे चौघं माझ्याकडे बघायला लागले. वेळेत पोचायला अजून वाव होता. त्याची ही पहिली ब्रेव्हे होती आणि त्यासाठी त्यानं तीन महिने पहाटे उठून तयारी केली होती. मी नाही म्हटलं. तो चिडला. “दादा, माझं शरीर मला कळतं,” म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला नाही, फक्त त्याची सायकल माझ्या हातात धरून ठेवली. काकांच्या ओळखीचा एक छोटा हत्ती पुण्याला रिकामा निघाला होता. दोन सायकली मागे आडव्या बांधल्या आणि आम्ही दोघं पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत तो खिडकीबाहेर बघत गप्प बसला होता. मला वाटलं, राग अजून गेलेला नाही. मग त्यानं शांतपणे विचारलं, “दादा, तो खंबाटकीचा बोगदा अजून यायचाय ना?”

मी ड्रायव्हरला म्हटलं, घरी नको, सरळ दवाखान्यात घे.